'मी लहानच आहे!'

(युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'मुलांचं मानसिक आरोग्य आणि भेदभाव' हा विषय दिला. मी गेली बावीस वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. तेव्हा मी आपल्याकडच्या शाळांविषयी बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. पण आजचा बहुतेक वेळ मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांविषयी बोलणार आहे. त्यांच्याविषयी वाचताना मला माझीच एक जुनी चूक सापडली. ती शेवटी सांगते. आधी त्या मुलांचं ऐकू.

29 जानेवारी 2021. न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर शहर. रस्त्यावर बर्फ पडलेलं. एका घरात भांडण चाललं आहे म्हणून पोलिसांना फोन जातो. पोलीस पोहोचतात तेव्हा घरातली नऊ वर्षांची मुलगी बेभान झालेली असते. ती स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करील, अशीही भीती असते. पोलीस तिच्या हातात बेड्या घालतात आणि तिला गाडीत बसवू लागतात. ती पाय आत घेत नाही. 'मला बाबा हवेत' म्हणून आक्रोश करते. एक पोलीस तिला म्हणतो, 'तू लहान मुलासारखी वागते आहेस.' ती ओरडून म्हणते, 'मी लहानच आहे!' थोड्या वेळाने तिच्या चेहऱ्यावर पेपर स्प्रे मारला जातो. हे सगळं पोलिसांच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात चित्रित झालं, म्हणून जगाला कळलं.

मुलगी कृष्णवर्णीय होती.

याच्या बरोबर 11 दिवस आधी, 18 जानेवारीला, एक ऐतिहासिक घटना घडली होती. त्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत सुट्टी असते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची सर्वांत मोठी संघटना, अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन, हिने त्या दिवशी जाहीर माफी मागितली. मनोविकारशास्त्राने कृष्णवर्णीय, आदिवासी आणि इतर वंशांच्या लोकांवर जो अन्याय केला, त्यात आपलाही हात होता, अशी ती कबुली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही माफी मागितली. मी या माफीनाम्यांना कमी लेखत नाही. चूक झाली असं म्हणायला संस्थांना शतकं लागतात, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? पण माफीनामा निघाला आणि 11 दिवसांनी त्या मुलीपर्यंत पोहोचले ते पोलीस.

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. तेच दुखणं गोऱ्या मुलाला झालं तर ते दुखणं म्हणून वाचलं जातं, आणि कृष्णवर्णीय मुलाला झालं तर गुन्हा म्हणून वाचलं जातं. औषधं, दवाखाने, डॉक्टरांची संख्या या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण वाचणारी नजर बदलली नाही, तर दवाखान्याच्या दारातूनही मूल पोलीस चौकीतच पोहोचतं.

ही नजर आली कुठून, ते आधी पाहू.

1840 साली अमेरिकेच्या जनगणनेत पहिल्यांदा वेड्यांची मोजदाद झाली. आकडे असे आले की, दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त. लगेच निष्कर्ष निघाला की या लोकांना स्वातंत्र्य मानवत नाही. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी 1844 मध्ये गुलामगिरीच्या समर्थनासाठी हेच आकडे वापरले. प्रत्यक्षात तक्ते चुकीचे भरले गेले होते. काही गावांत कृष्णवर्णीयांच्या एकूण संख्येपेक्षा कृष्णवर्णीय वेड्यांची संख्या जास्त दाखवली होती! जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी ही लबाडी उघडी पाडली. वर्णामुळे अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची दारं त्यांना बंद होती, म्हणून ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जाऊन शिकून आले होते. सरकारने आकडे काही दुरुस्त केले नाहीत.

1851 साली लुइझियानातल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा 'रोग' शोधून काढला. गुलामाला मालकाकडून पळून जावंसं वाटणं हाच तो रोग. त्याला त्याने 'ड्रेपटोमॅनिया' असं भारदस्त नाव दिलं. आणि प्रतिबंधक उपाय कोणता, तर चाबूक.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. तर मग 1960 च्या दशकात या. नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात आहे. जोनाथन मेट्झल या मनोविकारतज्ज्ञाने मिशिगन राज्यातल्या आयोनिया इथल्या मनोरुग्णालयाचे जुने कागद तपासले. आधी स्किझोफ्रेनियाचं निदान तिथे मोठ्या प्रमाणात गोऱ्या गृहिणींचं होत असे. चळवळीच्या काळात तेच निदान डेट्रॉइटहून आणलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या नावापुढे दिसू लागलं. 1968 साली निदानाची अधिकृत पुस्तिका बदलली आणि लक्षणांच्या वर्णनात 'शत्रुत्व', 'आक्रमकता' असे शब्द आले. 1974 मध्ये एका मानसोपचारविषयक नियतकालिकात हॅलडॉल या औषधाची जाहिरात छापून आली. तिच्यात मूठ आवळून उभा असलेला एक संतापलेला कृष्णवर्णीय माणूस होता. ती मूठ कशाची खूण होती, हे तेव्हा अमेरिकेत सर्वांना ठाऊक होतं.

म्हणजे प्रौढ कृष्णवर्णीय माणूस पळाला तर रोगी, रागावला तर रोगी. आणि त्याचं मूल रागावलं, घाबरलं, खचलं तर? तिथे मात्र उलटं. तिथे रोग नाही म्हणायचं, तो वाह्यात आहे म्हणायचं. दोन्ही ठिकाणी माणसाला काय होतंय हे कुणी विचारत नाही. त्याला आवरायला कोणतं नाव सोयीचं पडतं, एवढंच पाहिलं जातं.

आता आजच्या मुलांकडे येऊ. 2013-14 या वर्षाची अमेरिकेच्या शिक्षण खात्याची आकडेवारी आहे. सरकारी बालवाड्यांमध्ये कृष्णवर्णीय मुलं होती 19 टक्के. पण शाळेतून तात्पुरतं काढून टाकलेल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण होतं 47 टक्के. बालवाडी म्हणते आहे मी! तीन-चार वर्षांच्या मुलाला घरी पाठवून दिलं जातं, तेव्हा त्याने असा कोणता अपराध केलेला असतो? ढकलतं, चावतं, भोकाड पसरतं. आपल्या घरातलं मूल हे करतं तेव्हा आपण म्हणतो, याला झोप आलीय, याला भूक लागलीय, धाकट्या भावंडामुळे हा बिथरलाय.

येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम यांनी 2016 मध्ये एक साधा प्रयोग केला. बालवाडीच्या शिक्षकांना लहान मुलांच्या चित्रफिती दाखवल्या आणि सांगितलं की, गैरवर्तन कुठे सुरू होतंय ते ओळखा. चित्रफितींमध्ये गैरवर्तन नव्हतंच. पण शिक्षकांची नजर कुठे खिळते, हे यंत्र टिपत होतं. ती सर्वांत जास्त वेळ खिळली कृष्णवर्णीय मुलावर. आणि कृष्णवर्णीय शिक्षकही यातून सुटलेले नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

2014 मध्ये फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मुलग्यांना गंभीर गुन्ह्यातले संशयित म्हणून दाखवलं, तेव्हा लोकांनी त्यांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं. म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा बघणाऱ्याच्या डोळ्यांत अठरा ओलांडून गेला. 2017 मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या विधी केंद्राने मुलींबद्दल हेच विचारलं. प्रौढांना वाटत होतं की, त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कृष्णवर्णीय मुलींना माया कमी लागते, संरक्षण कमी लागतं, समजूत कमी घालावी लागते. आणि हे अगदी पाच वर्षांच्या मुलींपासून. आता रॉचेस्टरच्या त्या मुलीचं वाक्य पुन्हा आठवा. 'मी लहानच आहे' हे तिला ओरडून का सांगावं लागलं, ते कळतं.

ही नजर डॉक्टरच्या खोलीतही शिरते. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, लवकर ओळखला तर मुलाला फार मदत होते. फिलाडेल्फियातल्या मुलांचा एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या मुलांचं निदान सरासरी 6.3 व्या वर्षी झालं होतं, कृष्णवर्णीय मुलांचं 7.9 व्या वर्षी. लक्षात घ्या, ही सगळी मुलं गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावरचीच होती. म्हणजे हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. त्याच संशोधकांनी पुढे असंही दाखवलं की, स्वमग्नता असलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या कागदांवर आधी 'वर्तनाचा विकार' अशा नोंदी पडण्याची शक्यता जास्त असते. या वयात दीड वर्ष वाया जाणं म्हणजे काय, ते अशा मुलाच्या आईला विचारा.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगते. कृष्णवर्णीय लोक आत्महत्या करत नाहीत, असा एक समज अमेरिकेत वर्षानुवर्षं होता. त्यामुळे कुणी पाहिलंच नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 2001 ते 2015 या काळातले मृत्यू वयोगटांनुसार वेगळे काढले. 13 ते 17 वयोगटात गोऱ्या मुलांचं प्रमाण जास्त निघालं. पण 5 ते 12 वयोगटात कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. दोन्ही गट एकत्र मोजले की ही लहान मुलं आकड्यांत दिसेनाशी होत होती. 2019 मध्ये अमेरिकी संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने खास समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये अहवाल काढला. त्याच्या नावाचाच अर्थ होता, धोक्याची घंटा वाजवा.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. 'ते लोक येतच नाहीत हो उपचाराला. त्यांच्यात जागृती नाही. ते देवाधर्माचं करत बसतात.' हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलंय का? मी ऐकलंय, आपल्या वस्त्यांबद्दल, दर सरकारी बैठकीत.

लाज, भीती, 'लोक काय म्हणतील' हे सगळं कृष्णवर्णीय समाजातही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण जे येतात त्यांचं काय होतं? 2016 मध्ये हेदर कुगेलमास या संशोधक महिलेने न्यूयॉर्क शहरातल्या 320 मानसोपचारतज्ज्ञांना निरोप ठेवले. निरोपातला त्रास तोच, विमा तोच. फरक फक्त आवाजात आणि नावात. मध्यमवर्गीय गोऱ्या वाटणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांना वेळ मिळाली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय वाटणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. कामगार वर्गातले वाटणाऱ्यांना त्याहूनही कमी. ही प्रौढ माणसं होती. पण मुलासाठी फोन कोण करतं? आईच ना? नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेने 2019 मध्ये हिशेब मांडला की, अमेरिकेत 1 कोटी 40 लाख विद्यार्थी अशा शाळांमध्ये आहेत जिथे पोलीस आहे, पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता यांपैकी एकही नाही. अशा ठिकाणी मूल कोसळलं तर हाक कोणाला मारणार?

पण मी इथे फक्त अन्यायाची यादी वाचायला आलेले नाही. या लोकांनी काय उभं केलं, तेही सांगायला आले आहे.

1946 साल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीयांची दाट वस्ती, आणि मनाच्या दुखण्याला जागाच नाही. त्या एका वर्षात तिथे दोन दारं उघडली. एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. त्यामागे लेखक रिचर्ड राइट आणि डॉक्टर फ्रेडरिक वर्थम होते. फी 25 सेंट, नसतील तर तेही नको. दुसरं दार मेमी क्लार्क आणि त्यांचे पती केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचं, नॉर्थसाइड केंद्र. बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग यांचाच. लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवून 'चांगली कोणती?' असं विचारलं, तर बहुतेक मुलं गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवत. 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा निकालाच्या तळटिपेत या संशोधनाचा उल्लेख होता.

पण मला त्या प्रयोगापेक्षा नॉर्थसाइडचं एक साधं काम जास्त मोलाचं वाटतं. शाळा हार्लेममधल्या मुलांना 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकत होत्या. पालक मुलांना घेऊन क्लार्क यांच्याकडे आले. त्यांनी मुलांच्या चाचण्या स्वतः घेतल्या. यांतली बरीचशी मुलं त्या वर्गात टाकण्याजोगी नव्हतीच. मग ते निकाल हातात घेऊन पालक शाळेशी भांडले. पाहा, त्यांनी 'आम्हाला निदान नको' असं म्हटलं नाही. 'खरं निदान हवं' असं म्हटलं. उपचार नाकारणं आणि खोटा शिक्का नाकारणं, यातला फरक त्या आयांना कळला होता.

1969 मध्ये कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ संघटित झाले आणि स्वतःच्याच व्यावसायिक संघटनेपुढे मागण्या घेऊन उभे राहिले. त्यांच्यापैकी चेस्टर पिअर्स यांनी 1970 मध्ये एक शब्द दिला, 'मायक्रोअॅग्रेशन'. रोजचे बारीक बारीक अपमान, जे एकेकटे क्षुल्लक वाटतात, पण साचत जाऊन माणसाला पोखरतात. हेच पिअर्स 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या दूरदर्शन मालिकेचे सल्लागार होते. शेजारपाजारच्या सर्व रंगांच्या माणसांत मुलाने स्वतःला पाहावं, हेही औषधच आहे, असं त्यांना वाटत होतं. अलीकडे, जून 2020 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शालेय मंडळाने आपलं शालेय पोलीस दल बंद करण्याचा ठराव एकमताने केला. त्यामागे पालकांची आणि विद्यार्थ्यांची कितीतरी वर्षांची चळवळ होती. त्याच महिन्यात डेन्व्हर शहराने काही प्रकारच्या फोनवर पोलिसांऐवजी मानसिक आरोग्य कार्यकर्ता आणि वैद्यकीय मदतनीस पाठवायला सुरुवात केली.

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्याशी संबंध काय? एक संबंध अगदी सरळ आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांमध्ये भारतातून गेलेल्या डॉक्टरांचा मोठा भरणा आहे. त्या मुलासमोरच्या खुर्चीत बसलेला माणूस पुण्या-नागपुरात शिकलेलाही असू शकतो. तो इथून जाताना कोणती नजर घेऊन जातो? आणि अमेरिकेतल्या मुसलमानांपैकी साधारण पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय आहे. आपण 'बिलाल, बिलाल' म्हणून गहिवरतो आणि लग्नाच्या स्थळासाठी 'गोरी मुलगी पाहिजे' असं छापतो.

दुसरा संबंध माझा स्वतःचा आहे. सुरुवातीला म्हटलं होतं ती चूक.

बालवाडीच्या शिक्षकांचा तो प्रयोग वाचला त्या आठवड्यात मी माझी जुनी रजिस्टरं काढली. एकाच वर्षातली, आठवीतली दोन मुलं. दोघांनीही वर्गात बाक उलथवला होता, दोघांनीही दुसऱ्या मुलाला मारलं होतं. एकाचे वडील बँकेत अधिकारी. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं, 'घरातील ताणामुळे अस्वस्थ. नियमित समुपदेशन आवश्यक.' दुसरा वस्तीतला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'आक्रमक. संगत वाईट. पालकांना समज द्यावी.'

दुसरा मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला होता. त्याच्या आईला मी भाभी म्हणत असे. आपलं माणूस आहे, म्हणून मला त्याचं सगळं कळतं, अशी माझी खात्री होती. त्याचे अब्बा त्या वेळी महिनाभर सरकारी दवाखान्यात पडून होते, हे मला फार नंतर कळलं. मी विचारलंच नव्हतं. पहिल्या मुलाच्या घरी मात्र मी दोनदा फोन केला होता. नववीत त्याने शाळा सोडली. माझ्या एका ओळीमुळेच सोडली, असा दावा मी करत नाही. पण ती ओळ माझ्या हाताने लिहिलेली आहे, आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक शिक्षकाने ती वाचलेली आहे.

आमच्या शाळेत कोणी वंशवादी नव्हतं. तेच तर मला सांगायचंय. माणूस दुष्ट असावा लागत नाही, आणि परकाही असावा लागत नाही. नजर उसनी मिळते, आणि आपण ती आपल्याच मुलांवर रोखतो.

म्हणून इथे बसलेल्या, उद्या शिक्षक, डॉक्टर, नर्स, वकील होणाऱ्या तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. मुलाबद्दल लिहाल तेव्हा त्याने काय केलं ते लिहा, तो कसा आहे ते लिहू नका. 'बाक उलथवला' हे घडलेलं आहे, 'आक्रमक' हा तुमचा निकाल आहे. निकाल लिहिण्याआधी घरी एक फोन करा. आणि तुमच्या गावातल्या शाळेला विचारा की मूल कोसळलं तर तुम्ही कोणाला बोलावता? उत्तर 'पालकांना' आणि 'पोलिसांना' एवढंच असेल, तर तिथे काम आहे. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. धर्म, जात, लिंग, वर्ग अशा कोणत्याही कारणावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. आत्ताच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

त्या रजिस्टरातली ती नोंद मी खोडलेली नाही. खोडली तर माझीच सुटका होईल. तिच्याखाली तारीख घालून मी एवढंच लिहिलंय : 'त्या महिन्यात याचे वडील आजारी होते. विचारायला हवं होतं.'